मोजका घास: वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर साधकाचा आहार



आहाराविषयी आपण सत्संगात पुष्कळ ऐकतो. सात्त्विक अन्न, मौन भोजन, एकादशी, चातुर्मासाचे नियम. या विषयांवरचे काही लेख हिंदीतून मराठीत आणण्याची सेवा माझ्याही वाट्याला आली. आजचे लिखाण मात्र भाषांतर नाही. ते आमच्या घरातले आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे, म्हणून मलाच लिहिले पाहिजे.

वजन उतरवण्यासाठी ज्यांनी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणाची झाली आहे, त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांनीही कृपया वाचावे, कारण भंडाऱ्यात पळी हातात घेऊन वाढायला आपणच उभे असतो.

आम्ही इंदूरचे मराठी. इथे सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि रात्री सोन्याचांदीची दुकाने मिटली की सराफ्यात खाण्याचा बाजार भरतो. कोणाकडे सुख असो की दुःख, आमचे इंदूर आधी काय खाणार ते विचारते. माझी आत्या याच गावात वाढली. काका दुकान बंद करून येताना तिच्यासाठी भुट्ट्याचा कीस किंवा कचोरी बांधून आणत, हा त्यांच्या संसारातला तीस वर्षांचा नेम. बोलून प्रेम दाखवणे काकांना जमत नाही. पुडा जमतो.

माझ्या भाषांतरांची पहिली वाचकही आत्याच. माझ्या मराठीत हिंदी डोकावते, ती काढून टाकण्याचे काम तिचे. वय एकावन्न, वजन ११८ किलो, बारा वर्षांचा मधुमेह, आणि गुडघे इतके दुखायचे की सत्संगात ती भिंतीशी खुर्ची घेऊन बसायची. तिथेही तिला ऐकावे लागे. कोणी म्हणे, ताई, जिभेवर ताबा आला की सगळे येते. कोणी नुसतेच प्रसादाच्या द्रोणाकडे आणि मग तिच्याकडे पाही. ती हसायची. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी तिला 'पळवाट' म्हटले. मी त्यांना काही बोललो नाही, कारण मनातून मलाही तसेच वाटत होते. इतकी वर्षे साधना करूनही चाकूचा आधार का लागावा?

पुढचे वर्षभर मी ती 'पळवाट' जवळून पाहिली.

दोन चमच्यांचे पोट

आत्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी चैत्रात झाली. तिला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग थेट तिला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्या वाटेने जात नाही. दुसऱ्या एका पद्धतीत, स्लीव्हमध्ये, जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासची सुरुवात १९६६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी केली. व्रणासाठी ज्यांचे जठर काही अंशी काढावे लागे, त्यांचे वजन उतरते हे शल्यचिकित्सकांना आधीच दिसलेले होते.

मी एम.कॉम. करतो आहे, त्यामुळे घरातल्यांनी नोंदी ठेवण्याचे काम मला दिले. दवाखान्यातून आलेला आहाराचा तक्ता मी एका लांब वहीत उतरवला. आत्या त्या वहीला रोजकीर्द म्हणते. पहिल्या पंधरवड्यात फक्त पातळ: पाणी, गाळलेले ताक, डाळीचे पाणी, दूध. मग दोन आठवडे घोटलेले मऊ अन्न, पुढे मऊ शिजवलेले, आणि दुसरा महिना सरता सरता घरचे साधे जेवण, तेही चमच्याने. हा क्रम आणि त्याचे दिवस प्रत्येक दवाखान्याचे थोडे वेगळे असतात. तुमच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी दिलेला तोच तुमचा. शेजारणीचा चालत नाही, माझ्या आत्याचाही नाही.

पाणी औषधाच्या छोट्या प्याल्याने, ३० मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी एक. तासाला चार प्याले आणि जागेपणाचे चौदा तास धरले तर १,६८० मिलिलिटर होतात. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी मांडला आणि मला फार हुशार वाटले. त्या हिशेबात एक गोष्ट मला दिसली नाही, ती पुढे सांगतो. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मग प्रथिने. दिवसाला निदान ६० ग्रॅम सांगितली होती. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात, आणि आत्याला एका वेळी चार चमचे जातात. करा गणित! म्हणून आमच्या सात्त्विक स्वयंपाकघरात प्रथिनांच्या पावडरीचा डबा आला. माझ्या आजीने तो आठ दिवस देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवू दिला नाही.

गोळ्यांचे दोन शब्द. बायपासनंतर अन्नाचा मार्गच बदलल्यामुळे लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व पुरेसे शोषले जात नाही. या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवून. वजन उतरले, बरे वाटले, की पहिल्यांदा याच गोळ्या सुटतात. सोडू नका. अंगदुखीची गोळी औषधाच्या दुकानातून मनाने आणू नका, जोडलेल्या जागी व्रण होऊ शकतो. उलट्या थांबत नसतील तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नका, त्यात ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि नसांना इजा पोहोचते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. आत्याची वेणी निम्मी झाली आणि ती गोळ्यांपेक्षा त्याने जास्त रडली. पोषण नीट असेल तर ते बहुधा परत येतात, तिचेही आले.

आता मला जे सर्वांत सुंदर वाटले ते. आमच्या घरी आजोबांपासून जेवणाआधी प्राणाहुती घेण्याची रीत आहे. पंचप्राणांना पाच लहान घास, न बोलता. मी लहानपणापासून ते पाच घास भराभर उरकून खऱ्या जेवणाकडे वळत आलो. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात आत्या मऊ मुगाची खिचडी घेऊन बसली. पाच घास घेतले. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून, मध्ये चमचा खाली ठेवून. मग तिने ताटलीकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, झालं की माझं. माझं जेवण आता प्राणाहुतीपुरतंच उरलं."

ती दुःखाने बोलली नव्हती. तिला खरोखर आश्चर्य वाटले होते. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा, ती म्हणाली, तिला मुगाची चव शेवटच्या घासापर्यंत लागली.

तुमची शस्त्रक्रिया झाली असेल तर हा काळ वाया घालवू नका. पहिल्या काही महिन्यांत आतड्यातून निघणारे संप्रेरक बदललेले असतात, पोटाची भूक शांत असते. तेव्हा जी भूक उरते ती कुठून येते हे पाहायला मिळते. आत्याला ती संध्याकाळी सातला यायची, काकांच्या स्कूटरचा आवाज झाला की. पोट भरलेले, आणि तोंडाला पाणी सुटलेले. तिने हे आम्हांला सांगितले तेव्हा काका उठून बाहेर गेले. काकांची अडचण आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. हातात पुडा नसेल तर घरात शिरताना काय करायचे, हे त्यांना कळत नव्हते. पहिले काही दिवस ते दारात उगाच चप्पल सरळ करत उभे राहायचे. आता ते रात्री दही फडक्यात बांधून टांगतात आणि सकाळी चक्का काढून तिच्या वाटीत देतात. साखर नाही, चिमूटभर जिरेपूड. ज्या घरात शस्त्रक्रिया होते त्या घरात प्रेम दाखवण्याच्या रीतीही बदलाव्या लागतात, आणि त्याला टाक्यांपेक्षा जास्त दिवस लागतात.

माझी चूक

ज्येष्ठ महिना आला. निर्जला एकादशीवरचा एक लेख मला भाषांतरासाठी आला होता. परीक्षा तोंडावर होती, तरी मी तो रात्री जागून पूर्ण केला आणि नेहमीप्रमाणे आत्याला वाचायला दिला. वर्षातल्या साऱ्या एकादश्यांचे पुण्य या एका एकादशीत कसे आहे, हे त्यात मी चांगले रंगवून उतरवले होते. आत्याने दोन शब्द दुरुस्त केले आणि लेख छान झाला म्हणाली.

एकादशीच्या दिवशी तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. शस्त्रक्रियेला दोन महिने झाले होते. घरात विचारले तेव्हा, घेते आहे, म्हणाली. प्याला ओला करून ओट्यावर पालथा ठेवत होती, म्हणजे कोणाला शंका येऊ नये. इंदुरातला जूनचा उकाडा. दुपारी चारच्या सुमारास ती देवघरासमोर उठायला गेली आणि कोसळली. दोन दिवस सलाइन लावावे लागले.

माझ्या हिशेबात जे नव्हते ते त्या दिवशी डॉक्टरांनी समजावले. तुम्ही-आम्ही निर्जला केली तर द्वादशीला दोन तांबे पाणी पिऊन भरपाई करतो. तिला तशी भरपाई नाही. ज्या पिशवीत एका वेळी दोन चमचे जातात, तिथे काल राहिलेले आज भरता येत नाही. प्रत्येक तासाचे पाणी त्या त्या तासालाच प्यावे लागते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला एवढे समजायला हवे होते की या खात्यात उधारी नाही.

मी तिला विचारले, असे का केलेस? ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "ऑपरेशन केलं तेव्हा सगळे म्हणाले, हिला संयम नाही. मला एकदा दाखवायचं होतं की आहे."

साधकहो, हे वाक्य मी पळीवाल्या सगळ्यांसाठी इथे लिहिले आहे.

घरी आल्यावर मी तो लेख पुन्हा काढला. त्यात भीमाची कथा होती, मीच उतरवलेली, आणि मी ती वाचलीच नव्हती असे मला वाटले. कथा तुम्हांला ठाऊक आहे. कुंती, द्रौपदी आणि चौघे भाऊ एकादशीला जेवत नाहीत, भीमालाही जेवू नकोस म्हणतात. भीम व्यासांकडे जातो. माझ्या पोटात वृक नावाचा अग्नी आहे, तो पुष्कळ अन्नाशिवाय शमत नाही, मला एकभुक्त राहणेही कठीण, असे स्वच्छ सांगतो. वृकोदर हे नाव त्यावरूनच. आता व्यासांनी काय केले? त्यांनी भीमाला जिभेवर ताबा ठेव म्हटले नाही. भावांशी तुलना केली नाही. पोटात अग्नी आहे हे त्याचे म्हणणे मान्य केले आणि त्याला झेपेल असे, वर्षातून एकच व्रत काढून दिले. त्यातही आचमनाचे पाणी वगळले. म्हणून तर हिला भीमसेनी एकादशी म्हणतात.

म्हणजे जे व्रत आपण कठोरपणाचा कळस म्हणून सांगतो, ते मुळात एका मोठ्या भुकेच्या माणसाला दिलेली सवलत आहे. कथेच्या मध्यभागी शरीराचा विचार आहे. मी पुण्याच्या वाक्यांवर जागरण केले आणि सवलतीचे वाक्य घाईत उरकले. आत्याने ते तसेच वाचले.

भीमाच्या जागी आज आत्या व्यासांकडे गेली असती तर? उत्तर मी देणारा कोण. पण ज्यांनी अग्नी मोठा म्हणून व्रत बदलले, ते पिशवी लहान म्हणून बदलणार नाहीत असे मला वाटत नाही.

भूक म्हणजे दोष, हे आपल्या मनात कुठून बसले कोण जाणे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या शरीरांना निंदित म्हटले आहे आणि त्यात अतिस्थूल आहे, हे खरे. पण तिथेच पुढे त्या माणसाच्या भुकेचे कारण दिले आहे: मेदाने मार्ग अडतात, कोठ्यात फिरणारा वायू अग्नी चेतवतो, खाल्लेले लवकर जिरते आणि पुन्हा अन्न हवेसे होते. चरकांनी कारण शरीरात शोधले. आजचे डॉक्टर संप्रेरकांची भाषा बोलतात. दोन्ही भाषा ओढून जुळवण्याची गरज नाही, मला फक्त एवढे दिसते की जाणत्यांनी माणसाला लोभी ठरवण्याआधी त्याच्या पोटात काय चालले आहे ते विचारले.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत दोन्ही टोके नाकारतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. माउलींनी त्यावर बोलताना मापाची भाषा वापरली आहे, आहार घ्यायचा, पण मोजून. आत्याला आयुष्यभर लोकांनी पहिले अर्धे ऐकवले. दुसरे अर्धे ऐकवायला त्या दिवशी कोणी नव्हते.

तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या साधकांना माझी हात जोडून विनंती. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना लपवू नका. पहिल्या वर्षात तर निर्जळ काहीच नको. उपवासाचे म्हणून जे आपण खातो, साबुदाणा, बटाटा, रताळे, त्यात पिष्ट पुष्कळ आणि प्रथिने फारच थोडी, शिवाय साबुदाण्याचा गोळा त्या अरुंद वाटेवर अडकू शकतो. मौन धरा, मोबाइल सोडा, एकादशीला जप वाढवा. आत्याने गेल्या आषाढीला दिवसभर कोणाविषयी उणा शब्द काढायचा नाही असे ठरवले होते. संध्याकाळी म्हणाली, यापेक्षा निर्जला सोपी.

पंगतीत

गुरुपौर्णिमेच्या भंडाऱ्यात आणखी एक प्रसंग घडला. बुंदीचा लाडू वाढणाऱ्या बंधूंना आत्या हात जोडून नको म्हणाली. प्रसादाला नाही म्हणू नये ताई, असे म्हणत त्यांनी तो पानात ठेवला. तिने अर्धा खाल्ला. वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, दरदरून घाम आला, पोटात मुरडा. चपलांच्या स्टँडपाशी बाकावर ती अर्धा तास आडवी पडून होती. बायपासनंतर गोड पदार्थ पिशवीत न थांबता आतड्यात उतरतो आणि पाणी ओढून घेतो, त्याचा हा त्रास. वाढणारा मी नव्हतो. असतो तर मीही वाढला असता, अगदी त्याच प्रेमाने.

प्रसादाचा एक कण पुरतो, हे आपण बोलतो. पंगतीत त्याची आठवण ठेवू या. पान घेतलेल्या माणसाने पुरे म्हटले की पळी मागे घ्यायची. चिमूटभर बुंदी डोक्याला लावून बाकीची शेजारच्या मुलाला देणाऱ्या बाईकडे रोखून पाहायचे नाही. वजन उतरल्यावर, आजारी आहात का, किती खंगलात, आता पुन्हा वाढू देऊ नका, हेही नको. सैल पडलेली कातडी, विरळ केस, नवे कपडे शिवण्याचा खर्च, यांचे ओझे त्यांच्याकडे पुरेसे असते.

आता वर्ष उलटले आहे. आत्याचे वजन ७९ किलो आहे, मधुमेहाच्या दोन गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, ती सतरंजीवर मांडी घालून बसते. आणि भूक परत आली आहे. हे आधी कोणीतरी सांगायला हवे असते: पहिल्या वर्षाचे शांत पोट कायमचे नसते. आता पिशवीत थोडे जास्त मावते. भाकरी एका तुकड्यात पोट भरवते, पण शेव, बिस्किट, आइस्क्रीम विरघळत खाली उतरते आणि दिवसभर थोडे थोडे खात राहता येते. काही जणांची ओढ दुसरीकडे वळते, खरेदीकडे, मोबाइलकडे, दारूकडे. बायपासनंतर दारू फार लवकर चढते, म्हणून ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी विशेष जपावे. शस्त्रक्रियेने पोट बदलले, सातची स्कूटर तीच आहे.

यासाठी मला कोसलचा राजा प्रसेनजित आठवतो. संयुत्त निकायात त्याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात जेवायचा आणि जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा राखून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने काय करावे? सुदर्शन नावाचा तरुण मागे उभा होता, त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण वेतन! (हा आकडा मी दोनदा वाचला.) राजा हळूहळू खाली येत एका नाळीभर भातावर स्थिरावला. कोसलचा राजा, आणि समोर प्रत्यक्ष बुद्ध, तरी त्याला ताटाशी उभा राहणारा एक मुलगा लागला. एकट्याच्या निश्चयावर त्याने भरवसा ठेवला नाही, आणि ते त्याने लपवलेही नाही.

आमच्या घरी सुदर्शनाचे काम माझ्याकडे आहे, बिनपगारी. मी गाथा म्हणत नाही. आत्या जेवत असते तेव्हा समोर बसून दिवसाचे भाषांतर वाचून दाखवतो, सावकाश, म्हणजे तिचा घास सावकाश होतो. तिला चूक सापडली की ती चमचा खाली ठेवते. माझ्या चुकांचा एवढा उपयोग यापूर्वी कधी झाला नव्हता. तुमच्या घरी असे कोणी नसेल तर सत्संगातल्या एखाद्या बंधू-भगिनीला मागून घ्या, दवाखान्यांमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांचे गट असतात तिथे जा. वजन दोन-चार किलो परत चढले तर लाजून तपासणी चुकवू नका. तेव्हाच जायचे असते.

यंदाची निर्जला नुकतीच झाली. या दिवशी पाण्याने भरलेला घट दान करण्याची प्रथा आहे, तहानलेल्याला पाणी द्यायचे. आत्याने आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, मग काकांना घेऊन चौकातल्या पाणपोईवर दिवसभराची सेवा मागून घेतली. चार माठ, ओले फडके, पळ्या. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेतून सुटलेली मुले. ती उभी राहून ओंजळीत पाणी घालत होती, गेल्या वर्षी तिला उभे राहणेच जमत नव्हते. शेजारी स्टुलावर तिची बाटली, तिच्यावर मी मार्करने तासांच्या रेघा ओढून दिल्या होत्या. चार वाजता मी मुद्दाम तिकडे चक्कर टाकली आणि आधी बाटली पाहिली. पाणी चारच्या रेघेच्या खाली गेले होते.